बारा गिऱ्हाइकं आणि एक झुळूक

रविवारी सकाळी आठ वाजता पुढच्या खोलीची फरशी तिसऱ्यांदा पुसून झाली, तरी घरात कोणालाही कसलाच वास आला नाही.

“येतोय का?” धाकटीने विचारलं. ती बादलीशेजारी गुडघ्यांवर बसली होती आणि हातातल्या फडक्यातलं पाणी तिच्याच पायावर टपकत होतं.

“येतोय की. हलकासा,” सासूबाई दारातून म्हणाल्या. त्या असंच म्हणणार हे धाकटीला ठाऊक होतं. सासूबाईंनी आजवर कोणाला तोंडावर वाईट म्हटलं नव्हतं. ते काम त्या पाठीमागे, सवडीने आणि मन लावून करत.

“मला नाही बुवा येत,” तिचा नवरा म्हणाला आणि बायकोचा चेहरा पडलेला बघून त्याने लगेच शब्द फिरवला. “म्हणजे येतो. येतो आणि जातो.” दिवसभर टेम्पोतून काळ्या फिनाईलचे डबे पोचवायचे आणि घरी आल्यावर समोर जो असेल त्याला ‘बरोबर आहे’ म्हणायचं, ह्या दोन कामांत तो तरबेज होता.

राहता राहिला थोरला दीर. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसला होता. “अगदी व्यवस्थित आहे,” तो पानामागून म्हणाला. “अजून एक झाकण टाकलंस तरी चालेल.”

थोरल्याने तिच्या कशालाही व्यवस्थित म्हणावं अशी ही आठ महिन्यांतली पहिलीच वेळ. एरवी धाकटी सावध झाली असती. त्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा येतोय, हेही तिच्या लक्षात आलं असतं. पण परीक्षेच्या दिवशी माणसाला प्रश्नपत्रिकेपलीकडचं काही दिसत नाही. तिने बादलीत अजून एक झाकण ओतलं आणि चौथ्यांदा फरशी पुसायला घेतली.

परीक्षाच होती ती. ह्या घराने तीन पिढ्या एकच वस्तू केली होती, काळं फिनाईल. मागच्या अंगणापलीकडे पत्र्याची लांबलचक शेड. तिच्या एका टोकाला मोठी टाकी. टाकीत राळेचा साबण शिजवायचा, त्यात डांबराचं काळं तेल घोटायचं, डबे भरायचे की झालं. तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, वडिलांनी तेच केलं, आप्पांनीही तेच केलं. पण आता दुकानांत रंगीत, वासाच्या बाटल्या आल्या होत्या आणि ह्यांच्या डब्यांवर धूळ बसायला लागली होती. थोरला विम्याच्या कचेरीत होता, त्याचा धंद्यात जीव कधीच नव्हता. त्याने एक गादीवाला शोधून आणला. गादीवाला अख्खी शेड गोदामासाठी भाड्याने घ्यायला तयार होता. धाकटी लग्नाआधी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिने शेडच्या दुसऱ्या टोकाला टेबल मांडलं आणि आठ महिने खपून फरशी पुसायचं नवं द्रव तयार केलं, हिरवट रंगाचं, लिंबाच्या पानांच्या वासाचं.

शेवटी आप्पांनी निवाडा केला. जुन्यांपैकी बारा गिऱ्हाइकं घरी बोलवायची. बारापैकी पाच जणांनी नवा माल मागितला तर शेड धाकटीकडे. नाही मागितला तर शेड गादीवाल्याला. शेड होती आप्पा आणि त्यांची थोरली बहीण अशा दोघांच्या नावावर, म्हणून मुलांच्या आत्यालाही सहीसाठी बोलावणं गेलं होतं. कराराचे कागद थोरल्याने आधीच आणून टेबलाच्या खणात ठेवले होते. त्याचा स्वतःच्या नशिबावर दांडगा विश्वास होता.

नव्या मालाच्या नावावरून आठवडाभर घर डोक्यावर घेतलं गेलं होतं. आप्पांना ‘फिनाईल नंबर दोन’ हवं होतं. धाकट्याने मोठ्या प्रेमाने बायकोचं नाव सुचवलं, तेव्हा तिने विचारलं, “म्हणजे उद्यापासून सगळं गाव माझ्या नावाने फरशी पुसणार का?” तो दोन दिवस नाव ह्या विषयावर बोलला नाही. शेवटी ‘झुळूक’ ठरलं, कारण त्याला कोणाचाच फारसा विरोध नव्हता.

“आप्पा, तुमचं ‘हं’ राहिलंय,” धाकटीने हाक मारली.

आप्पांच्या ‘हं’शिवाय ह्या घरातून माल बाहेर पडत नसे. ते आले, पंचा खांद्यावर टाकला, पेल्यात पाणी मागवलं. पाण्यात चार थेंब टाकले, पेला उजेडात धरला, मग डोळे मिटून नाकाशी नेला. सगळ्यांनी आपापले श्वास रोखले. आप्पांनी छाती भरून वास घेतला, जरा वेळ मान हलवली आणि म्हणाले, “हं.”

धाकटीला हायसं वाटलं. आप्पांचा दुसरा नियमही असाच जुना होता. नव्या मालाचा एक थेंबही लेबल लागेपर्यंत फाटकाबाहेर जाता कामा नये. त्यांच्या चुलतभावाने एकदा कृती पळवली होती आणि ते दुःख आप्पांनी पुढच्या पिढीला वाटून दिलं होतं. त्यामुळे झुळुकीचा वास आठ महिने फक्त घरच्यांनीच घेतला. धाकटी दर आठवड्याला विचारायची, येतो का? घर म्हणायचं, नाही गं. ती स्वतः हुंगायची, तिलाही कमीच वाटायचा. मग ती वहीत तारीख टाकून सुगंधी तेलाचं प्रमाण वाढवायची. सुरुवात दर ड्रमला दोन झाकणांपासून झाली होती. आज ती सतरावर आली होती.

साडेदहाला आत्याची टॅक्सी आली. आत्या पंचाहत्तरीला टेकली होती. तिच्या हातात काठी असे, पण ती टेकायला कमी आणि लोकांवर रोखायला जास्त. तिने उंबऱ्यात एक पाय ठेवला आणि तो तसाच मागे घेतला. पिशवीतून रुमाल काढून नाकाला लावला.

“बाळ्या!” ती रुमालातून ओरडली. बहात्तर वर्षांच्या आप्पांना ह्या नावाने हाक मारणारं आता जगात एवढंच माणूस उरलं होतं. “खिडक्या उघड आधी. घरात काय सांडलंय?”

“काही सांडलं नाही, अक्का. आत ये, बस.”

“माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय.”

“भावाला बघून येतंच हो, वन्सं,” सासूबाई गहिवरून म्हणाल्या.

“भाऊ गेला खड्ड्यात! झोंबतंय मला!”

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आत्या कुठल्याही घरी गेली की आधी नाक मुरडते आणि मग चपला काढते, अशी तिची ख्याती होती. त्यामुळे कोणीच मनावर घेतलं नाही. थोरला तेवढा चटकन उठला आणि म्हणाला, “आत्या, लांबच्या प्रवासाने होतं असं. तू व्हरांड्यात बस, मी पाणी आणतो.”

धाकटी मनातून पेटली. गेला महिनाभर थोरले दादा आत्याला फोन करत होते, हे तिला माहीत होतं. शिकवून, पढवून आणलंय म्हातारीला. गिऱ्हाइकं यायच्या आधीच रुमालाचं नाटक! त्या रागाच्या भरात तिने उंबऱ्यापाशी फडक्याचा अजून एक भरगच्च हात फिरवला.

अकराला बाराही जण आले. आठ दुकानदार, एक शाळेचा व्यवस्थापक, दवाखान्यातल्या सफाई कामगारांचा मुकादम, एक खानावळवाला, आणि तीन लॉज चालवणारी एक जाडजूड बाई. तिच्या मतावर निम्मा बाजार चालायचा. सगळे खुर्च्यांवर दाटीवाटीने बसले.

“दार लावून घ्या,” आप्पांनी सांगितलं. “खिडक्याही लावा. नाहीतर वास उडून जाईल.”

धाकट्याने तत्परतेने दारं-खिडक्या लावल्या.

धाकटी बोलायला उभी राहिली. भाषण तिने पाठ केलं होतं. काळ्या फिनाईलवर तुम्ही इतकी वर्षं विश्वास ठेवलात, तोच विश्वास आता नव्या रूपात, वगैरे. दुसऱ्याच वाक्याला शाळेच्या व्यवस्थापकाने चष्मा काढून डोळे पुसले. भाषण इतकं परिणामकारक होईल अशी तिचीही कल्पना नव्हती. मग एक दुकानदार शिंकला. त्याच्या पाठोपाठ दुसरा. खानावळवाल्याने चहाचा घोट घेतला आणि कपाकडे बघत राहिला.

“ह्या चहाला लिंबाचा वास आहे का हो?”

“बिस्किटालाही आहे,” शेजारचा म्हणाला.

“बघा, लगेच जाणवतो!” धाकटी आनंदाने म्हणाली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच कोणाला तरी स्वच्छ वास आला होता. तिला त्या खानावळवाल्याचे पाय धरावेसे वाटले.

“बाई, एखादी खिडकी जरा...” मुकादम घोगऱ्या आवाजात म्हणाला. सगळी हयात त्याने दवाखान्याच्या मोऱ्यांमध्ये घालवली होती, त्याचा चेहरा सहजी बदलत नसे. आता तो लाल झाला होता.

मग एकेकाला कामं आठवायला लागली. एकाने गाडी रस्त्यात लावली होती. एकाला फोन आला, तो फोन कानाला न लावताच बोलत बाहेर गेला. दोघांनी कारण शोधायचेही कष्ट घेतले नाहीत. पाच मिनिटांत खोलीत बारा रिकाम्या खुर्च्या, बारा अर्धे कप आणि घरची मंडळी उरली. बाहेर अंगणात गिऱ्हाइकं विहिरीतून वर काढल्यासारखी श्वास घेत उभी होती.

“असे का गेले सगळे?” आप्पांनी विचारलं.

“चहा आवडला नसेल,” धाकटा म्हणाला.

धाकटी अंगणात धावली. लॉजवाली पदराने वारा घेत होती.

“वास छान आहे हं मुली,” ती म्हणाली. “खोटं नाही सांगत, जातिवंत वास आहे. पण माझ्या खोलीत गिऱ्हाईक राहायला हवं की वास? दोघं मिळून नाही मावायचे.” तिने धाकटीकडे निरखून बघितलं. “का गं, तुला खरंच कळत नाही?”

लॉजवाली गेली, पाठोपाठ बाकीचेही गेले. टेबलावर मांडलेल्या बाटल्यांपैकी एकही हलली नव्हती.

घरची बैठक व्हरांड्यात बसली, कारण आत्या आत यायला तयार नव्हती. थोरल्याने कराराचे कागद आणले, वर पेन ठेवलं.

“मला वाईट वाटतंय,” तो म्हणाला. “पण ठरलं ते ठरलं. पाच सोडा, एकही नाही.”

आत्या त्याच्याकडे टक लावून बघत होती. “तू तिथेच होतास ना रे? पूर्ण वेळ?”

“हो.”

“आणि तुला झोंबलं नाही?”

“मला सर्दी आहे.”

“इकडे ये. मान वर कर.”

विम्याच्या कचेरीत पंधरा माणसं ज्याच्या हाताखाली होती तो पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ आत्यासमोर वाकला आणि त्याने मान वर केली. आत्याने दोन बोटांनी त्याच्या डाव्या नाकपुडीतून कापसाचा बोळा ओढून काढला. मग उजवीतून. दोन्ही बोळे तिने कराराच्या कागदांवर शेजारी शेजारी ठेवले.

थोरला नाक चोळत सरळ झाला.

“महिनाभर कापूस घालूनच झोपतात हे,” जिन्यावरून आवाज आला. थोरली जाऊ खाली येत होती. ती वरच्या मजल्यावर शिवणकाम करायची आणि शेडमध्ये कधी पाऊल टाकत नसे. फिनाईलने कपडे बिघडतात, असं तिचं म्हणणं. “मी म्हटलं होतं, खाली जाऊन सांगा त्यांना. तर म्हणे, आपण कशाला बोलायचं? आपोआप पडेल ते.”

“अगं, तू कोणाच्या बाजूने आहेस?” थोरला कळवळला.

“आज माझं डोकं दुखतंय, मी डोक्याच्या बाजूने आहे.” ती धाकटीकडे वळली. “आणि तू तरी मला कधी विचारलंस? दर आठवड्याला खाली सगळ्यांची नाकं तपासायचीस, वर कधी आली नाहीस. तुला वाटायचं मी नावंच ठेवणार.”

धाकटी वरमली. तिला खरंच तसं वाटायचं.

“पहिल्या महिन्यात काय सुंदर वास यायचा गं,” थोरली म्हणाली. “मी मुद्दाम अंगणाकडची खिडकी उघडून मशिनवर बसायचे. मग काय झालं कोणास ठाऊक, तू सुटलीसच.”

पहिला महिना. धाकटीला वही आठवली, पहिलं पान आठवलं. दोन झाकणं. तेव्हाच जमलं होतं. त्यानंतरचे सात महिने तिने जमलेली गोष्ट नेटाने बिघडवली होती.

“पण मला वास कमी होत चाललाय असं वाटायचं, वहिनी. दर आठवड्याला. शपथेवर सांगते.”

आत्याने काठी आपटली. “आतून कॉफीचा डबा आणा कोणीतरी. धाकटे, डोळे मीट.”

सासूबाईंनी डबा आणला. आत्याने झाकण काढून तो धाकटीच्या नाकाखाली धरला. “काय आहे सांग.”

धाकटीने श्वास घेतला. पुन्हा घेतला. “रिकामं भांडं आहे?”

“नीट घे.”

“पाणी आहे का?”

तिने डोळे उघडले आणि समोर काठोकाठ भरलेली कॉफीची पूड बघितली. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन ती ह्या घरात आली, तेव्हा पहिल्या रात्री फिनाईलच्या वासाने तिला झोप लागली नव्हती. ओला रुमाल तोंडावर घेऊन ती पहाटेपर्यंत जागी होती आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, होईल सवय. झाली होती. किती लवकर झाली, ह्याचा तिला अभिमान वाटला होता. घरातल्या सगळ्यांची नाकं अधू असतील असं तिच्या कधीतरी मनात आलंही होतं, पण आपण बाहेरून आलोय, आपलं नाक शाबूत आहे, ही तिची खात्री होती. त्या खात्रीवर तिने आठ महिने घालवले होते. तिला रडू फुटलं. तिने ते लपवलंही नाही.

“ह्यात रडण्यासारखं काय आहे?” आप्पा अस्वस्थ होऊन म्हणाले. “आण तो डबा इकडे.” त्यांनी डोळे मिटले, डबा नाकाशी नेला, छाती भरून वास घेतला, मान हलवली. “फिनाईल. चांगलं आहे.”

पहिल्यांदा थोरली हसली. मग आत्या. मग रडता रडता धाकटी. आप्पांनी डोळे उघडले आणि डब्यात बघितलं.

“मला चाळीस वर्षं माहीत आहे,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “एकदा दूध जळून पातेल्याचा कोळसा झाला आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते.”

“मग माझं ‘हं’...” आप्पांनी सुरुवात केली आणि सोडून दिली. “पाण्यात टाकल्यावर ते दुधासारखं पांढरं होतं की नाही, एवढं बघतो मी. पांढरं झालं की माल चांगला.”

“पण तुम्ही डोळे मिटता, आप्पा,” धाकटा म्हणाला.

“मिटायच्या आधी बघून घेतो.”

आत्याने डोळे पुसले, ह्या वेळी हसून आलेलं पाणी होतं. “माझंही गेलं होतं रे बाळ्या. आपण दोघं लहानपणी त्या टाकीशेजारीच तर खेळायचो. लग्न होऊन मी लांब गेले आणि वर्षभराने एक दिवस मला कसला तरी वास आला. मला कळेना काय आहे. घरभर शोधलं. शेवटी बघते तर ओला टॉवेल, तीन दिवस न वाळलेला. तो घट्ट धरून मी इतकी रडले की सासूला वाटलं, माहेरचा आहे.”

“म्हणजे नाक परत येतं?” धाकटीने विचारलं.

“टाकीपासून लांब राहिलीस तर येतं. तुला तर इथे सहाच वर्षं झालीत.”

“तेच मी म्हणतोय!” थोरल्याने संधी साधली. नाक मोकळं झाल्यामुळे त्याचा आवाजही सुधारला होता. “शेड देऊन टाका. हिची तब्येत सुधारेल, सगळ्यांचंच भलं होईल. आत्या, कापसाचं मी चुकलो, कबूल. पण मुद्दा चुकीचा आहे का?”

मुद्दा चुकीचा नव्हता, हीच तर पंचाईत होती. धाकटीने आत्याकडे बघितलं. आत्याने आप्पांकडे.

“शब्द दिला तो बाळ्याने,” आत्या म्हणाली. “बोल बाबा.”

आप्पांनी अंगणापलीकडच्या पत्र्यांकडे बघितलं. मग त्यांनी दोन बोटांनी कापसाचे बोळे उचलले, बाजूला ठेवले आणि कागद पुढे ओढले.

“शब्द म्हणजे शब्द. पाच जणांनी माल मागितला नाही. शेड द्यायची.”

धाकटा उठून तिच्या मागे उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो ‘बरोबर आहे’ म्हणाला नाही.

“पण अर्धी,” आप्पा म्हणाले. “टाकीची बाजू.”

“टाकीची?” सासूबाई मटकन खाली बसल्या. “मग फिनाईल कुठे घोटणार?”

“नाही घोटणार.”

“अहो आप्पा, तीन पिढ्यांचा धंदा!” हे ओरडला तो थोरला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, तसा तो गडबडला. “म्हणजे, बंद करा असं मीच म्हणत होतो. पण असं एकदम? आणि गादीवाल्याला अख्खी शेड हवी आहे.”

“मग त्याला म्हणावं, गाद्या उभ्या लाव.”

“आप्पा, माझ्यासाठी नका करू,” धाकटी कशीबशी म्हणाली. “आजोबांची टाकी आहे ती. मी शेडमध्ये जाणार नाही वाटलं तर. वहिनी वास घेतील, आत्याबाई घेतील...”

“मी चार महिने राहते,” आत्याने जाहीर केलं. “नाक खुपसायला मला आवडतंच. पण जेवण मऊ लागेल.” सासूबाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं, ते त्यांनी सवयीने गिळलं.

“ऐक,” आप्पा धाकटीला म्हणाले. “माझं नाक बाराव्या वर्षी गेलं. मला कधी वाटलंच नाही काही गेलंय असं. पण मला दोन पोरं झाली. लोक म्हणतात, बाळाच्या टाळूला वास असतो.” ते बायकोकडे वळले. “असतो का गं?”

“असतो,” सासूबाई म्हणाल्या.

“कसा?”

सासूबाईंनी समोरच्या दोन घोड्यांकडे बघितलं, एक टक्कल पडायला लागलेला आणि एक त्या वाटेवर. “आता काय सांगू? असायचा गोड.”

“बघ,” आप्पा म्हणाले. “हे मला आज कळतंय. तुझं अजून सगळं व्हायचंय. उद्या त्या टाकीची आच बंद. तुझं टेबल तिथेच राहू दे, पहिल्या पानापासून सुरू कर. आणि नवा माल फाटकाबाहेर ने, दहा घरी दे, लोकांना हुंगू दे. चुलतभावाने चोरलं तर चोरू दे मेल्याने, त्याचं तरी कुठे नाक शाबूत आहे?”

आत्याने पेन उचललं, ‘अख्खी’वर काट मारली, वर ‘अर्धी’ लिहिलं आणि सही केली. मग आप्पांनी केली. थोरला कागद घेऊन खाली मान घालून बसला. थोरलीने त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि त्याच्या शेजारी बसली. एवढं झाल्यावर तिने नवऱ्याला टाकून दिलं नव्हतं, हे पाहून धाकटीला बरं वाटलं.

सगळे पांगले. धाकटी खुर्च्या आत न्यायला लागली, तेव्हा आप्पा तिच्यामागे आले. त्यांनी एक खुर्ची उचलली आणि ती हातात धरून तसेच उभे राहिले.

“एक काम करशील?” ते हळू आवाजात म्हणाले. “तुझं नाक परत आलं ना, की अक्काला नंतर सांग, लॉजवालीला नंतर सांग. आधी मला येऊन सांग, आपल्या घराला कसला वास येतो. बहात्तर वर्षं राहतोय मी इथे.”

“सांगेन, आप्पा,” धाकटी म्हणाली.

“काहीही असला तरी त्यांना चांगलाच सांग हो,” स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या.